दिलेलं आणि पोचलेलं

खत दुप्पट दिलं होतं. पाणीही वाढवलं होतं. तरी नाचणी दिवसेंदिवस पिवळीच पडत चालली होती, आणि असं का व्हावं हे कुणालाच सांगता येत नव्हतं.

बारा वर्षांची शलाका रोजचा अभ्यास आटपला की शेतात जायची आणि वाफ्यांमधल्या अरुंद वाटेवर उकिडवी बसून पानं मोजायची. सोमवारी एका रोपाची तळाची दोन पानं पिवळी होती. गुरुवारी चार झाली. वरची कोवळी पानं मात्र अजून हिरवी होती.

"खालची पानं आधी पिवळी पडली म्हणजे रोपाला नत्र (नायट्रोजन, पानं आणि दाणे भरायला लागणारं मूलद्रव्य) कमी पडतंय," तिच्या आजोबांनी तिला समजावलं होतं. "घरात धान्य संपत आलं की मोठी माणसं आपल्या ताटातलं काढून लेकरांना वाढतात ना? तसंच रोपही करतं. जुन्या पानातलं नत्र काढून नव्या पानाला देतं."

"मग आपण खत दुप्पट केलं तरी कमी कसं पडतंय?"

"अजून पुरेसं दिलं नसेल," आजोबा म्हणाले आणि उठून गेले. शलाकाला ते उत्तर पटलं नाही. पण आजोबांपुढे कोण बोलणार?

शलाकाचे आजोबा, प्रोफेसर सदानंद चौगुले, चाळीस वर्षं मातीचा अभ्यास करत होते. कोल्हापूरकडच्या काळ्या रानात आणि कोकणातल्या तांबड्या मातीत त्यांनी नुसत्या बोटांनी ओल ओळखायला दोन पिढ्यांना शिकवलं होतं. आता त्यांच्या हाती जे शेत होतं, ते मात्र चंद्रावर होतं.

फार फार पूर्वी चंद्राच्या पोटात तप्त लाव्हा वाहत होता. त्याची वरची साय थंड होऊन दगड झाली, आतला लाव्हा पुढे निघून गेला आणि मागे लांबच लांब पोकळी उरली. माणसांनी तिची दोन्ही तोंडं बंद केली, आत हवा भरली आणि वस्ती केली. कागदोपत्री तिचं नाव मोठं लांबलचक होतं, पण तिथं राहणारी एकतीस माणसं तिला नुसतं 'घळ' म्हणायची.

घळीत नाचणी लावली होती तीही विचार करूनच. चंद्रावर माणसाचं वजन सहाव्या हिश्शाएवढंच भरतं. हाडांना भार पेलावा लागत नाही, म्हणून ती झिजायला लागतात. नाचणीत कॅल्शियम (हाडं घट्ट करणारं द्रव्य) भरपूर असतं. यंदा तर साऱ्या घळीचे डोळे त्या पिकाकडे लागले होते, कारण पृथ्वीवरून येणाऱ्या रसदयानाच्या इंजिनात बिघाड निघाला होता आणि ते दोन महिने उशिरा येणार होतं. कोठारातलं धान्य जेमतेम चाळीस दिवस पुरलं असतं. पुढचे वीस दिवस नाचणीवरच काढायचे होते.

आणि नाचणी पिवळी पडत होती.

तेवढ्यात दुसरं संकट उभं राहिलं.

घळीच्या मधल्या चौकात एक मोठा फलक होता. हवेत कोणता वायू किती आहे, हे त्यावर सतत दिसायचं. एके दिवशी त्यावरचा एक आकडा पिवळा झाला. नायट्रस ऑक्साइड: दहा लाख भागांत पंचवीस भाग.

शलाकाची आई, डॉक्टर वैजयंती, घळीचा दवाखाना सांभाळायची. तिला हा वायू चांगलाच ठाऊक होता. दात काढताना किंवा हाड बसवताना दुखू नये म्हणून तो रुग्णाला हुंगवतात. त्याला 'हसवणारा वायू' असंही म्हणतात. पण हवेत तो सतत थोडा थोडा मिसळत राहिला, तर हसायची वेळ राहत नाही. महिनोन्‌महिने हुंगला, तर रक्तावर आणि मज्जातंतूंवर (मेंदूचे निरोप नेणाऱ्या धाग्यांवर) परिणाम होतो. पृथ्वीवर खिडकी उघडली की काम भागतं. चंद्रावर खिडकी उघडायची सोय नव्हती.

आठ दिवसांपूर्वी एका तंत्रज्ञाचं मनगट मोडलं होतं. ते बसवताना आईनं तोच वायू वापरला होता. त्यामुळे सगळ्यांची नजर दवाखान्याकडे वळली.

"डॉक्टर, झडप नीट बंद केली होती ना?" घळीच्या प्रमुख फरीदा मुजावर यांनी विचारलं. त्यांचा आवाज कधी चढत नसे, आणि म्हणूनच तो जास्त लागायचा.

"केली होती. दोनदा तपासली होती," आई म्हणाली.

तरीही सिलिंडर दवाखान्यातून उचलून घळीबाहेर, चंद्राच्या उघड्या जमिनीवर नेऊन ठेवला. दोन दिवस गेले. आकडा खाली यायला हवा होता, निदान थांबायला तरी हवा होता. तो तेहतीसवर गेला, मग अडतीसवर. मग दवाखान्यातल्या भिंतीतले पाईप संशयात आले. दाराला पिवळी फीत लागली. जेवणघरात आई शिरली की बोलणी थांबायला लागली.

शुक्रवारी दुपारी आकडा चव्वेचाळीस झाला. फरीदामॅडमनी सगळ्यांना चौकात बोलावलं.

"पन्नासला फलक लाल होतो," त्या म्हणाल्या. "लाल झाला की नियम एकच आहे. जिथून वायू येत असेल तो भाग दारं लावून वेगळा करायचा आणि तिथली हवा बाहेर सोडून द्यायची. आज सगळ्यांनी आपापल्या भागात शोध घ्या. हा नियम मी कुणासाठीही वाकवणार नाही."

आई खाली मान घालून उभी होती. शेजारी आजोबा होते, पण त्यांचं लक्ष वेगळीकडेच होतं. ते म्हणाले, "मला जायला हवं. चार वाजता खताचा तिसरा हप्ता द्यायचाय."

शलाका मनात दिवस मोजायला लागली. मनगट मोडलं तो दिवस बुधवार. तिला चांगला आठवत होता, कारण त्याच बुधवारी आजोबांनी पहिल्यांदा खत दुप्पट केलं होतं. दोन्ही गोष्टी एकाच दिवशीच्या! सगळ्यांना त्यातलं मनगट तेवढं आठवलं. वाफ्यांची आठवण कुणालाच झाली नाही.

"आई, या वायूच्या नावात नायट्र आहे. आणि खतातही नायट्रेट आहे. दोन्ही एकच का?"

आईनं चटकन मान वर केली. "एक नव्हेत. पण दोन्हींत नत्र असतं," ती म्हणाली. "एकाचं दुसरं होऊ शकतं. कसं होतं ते मला पुरतं माहीत नाही, ते तुझ्या आजोबांचं, अप्पांचं क्षेत्र आहे. तुझ्या मनात काय आहे?"

"हा वायू शेतातून येत असेल तर?"

"फलकावर सगळीकडे एकच आकडा दिसतोय. पंखे हवा ढवळत असतात. कुठून येतोय ते कळणार कसं?"

शलाकानं विचार केला. सगळ्या घळीची हवा ढवळली जात होती खरी. पण हवेचा एखादा लहानसा तुकडा जर कोंडून ठेवला, तर?

ती धावतच स्वयंपाकघरात गेली आणि उंच काठाची तीन ताटं घेऊन आली. आईनं तोपर्यंत खिशातलं छोटं मोजयंत्र काढलं होतं. त्याला बारीक नळी होती. ते शलाकाच्या हातात देताना ती म्हणाली, "घे. पण जे दिसेल तेच सांगायचं. माझ्या बाजूचं नाही आणि अप्पांच्याही बाजूचं नाही."

शलाकानं एक ताट दवाखान्याच्या जमिनीवर पालथं घातलं आणि काठाभोवती ओलं फडकं दाबून बसवलं. दुसरं तिनं कोवळ्या रोपांच्या वाफ्यात मातीवर पालथं घातलं. त्या वाफ्याला अजून जादा खत दिलेलं नव्हतं. तिसरं दुप्पट खताच्या वाफ्यात, नाचणीच्या दोन ओळींमध्ये. त्याचा काठ तिनं मातीत दोन बोटं रुतवला. आता ताटाखालची हवा पंख्यांपर्यंत जाऊ शकत नव्हती. जमिनीतून काही येत असेल, तर ते ताटाखालीच साठणार होतं.

एक तास थांबायचं होतं. दोन वाजत आले होते. शलाका दुप्पट खताच्या वाफ्याशी बसून राहिली. गोगलगाय तिच्या जवळून सरकत गेली. गोगलगाय म्हणजे शेतातला यंत्रमानव. तो पट्ट्यांवर इतका हळू चालायचा की त्याला दुसरं नाव शोभलंच नसतं. त्याच्या पाठीवरच्या टाकीत आज खताचं दाट पाणी भरलेलं होतं. घळीतल्या शेवटच्या दोन डब्यांपैकी एक डबा त्यात रिकामा झाला होता.

"गोगलगाय, या वाफ्यात ओल किती आहे?"

"योग्य," यंत्रमानव म्हणाला. जेवढं विचारलं तेवढंच सांगायची त्याची रीत होती.

तीन वाजता शलाकानं नळी ताटांखाली सारली. दवाखान्यात चव्वेचाळीस. बाहेरच्या हवेत होता तितकाच. कोवळ्या वाफ्यात सत्तेचाळीस. आणि दुप्पट खताच्या वाफ्यात एकाहत्तर.

आईची काही चूक नव्हती! पण तो आनंद पुरता वर यायच्या आतच तिला दुसरी गोष्ट कळली. जिथून वायू येत असेल तो भाग वेगळा करायचा, आणि तिथली हवा बाहेर सोडायची. म्हणजे शेताची. हवा गेली की नाचणी पाच मिनिटांत मरणार. तिनं खरं सांगितलं तर आई सुटत होती, पण पीक जात होतं. आणि एकतीस माणसांचे वीस दिवस त्या पिकावर होते.

तिनं ताट दुसऱ्या एका दुप्पट वाफ्यात रुतवलं. एकदाच आलेला आकडा चुकीचा असू शकतो. पण आता पूर्ण तास हाती नव्हता. तिनं पंचवीस मिनिटं वाट पाहिली. पंचावन्न. इथंही वायू साठत होता. संशयाला जागा राहिली नाही.

साडेतीन वाजून गेले होते. वाफ्याच्या टोकाला आजोबा गोगलगायीच्या टाकीचं झाकण बसवत होते.

"आजोबा, तिसरा हप्ता देऊ नका."

"का गं?"

तिनं सगळं सांगितलं. ताटं, आकडे, बुधवार. आजोबांचा चेहरा आधी गोंधळला, मग कठोर झाला.

"ते कसं होतं ते मला ठाऊक आहे, पोरी. जमिनीत पाणी साचलं तरच खतातून हा वायू निघतो. चिखल लागतो त्याला. इथं कुठाय चिखल?" त्यांनी वाकून चिमूटभर माती उचलली आणि तिच्या तळहातावर ठेवली. "बघ की. भुरभुरीत आहे. चाळीस वर्षं हात मातीत आहेत माझे."

माती खरंच भुरभुरीत होती. टाकीवरच्या घड्याळात चारला अठरा मिनिटं कमी होती. मग तिनं एकदम विचारलं, "गोगलगाय, तू ओल किती खोलवर मोजतोस?"

"पाच सेंटिमीटर."

"आणि मुळं किती खोल आहेत?"

"पस्तीस सेंटिमीटर."

आजोबांचा हात झाकणावरच थांबला. त्यांनी भिंतीला टेकवलेली पोकळ सळई घेतली, वाफ्यात सरळ खाली दाबली आणि वर उपसली. सळईत मातीचा लांब कांडा आला. वरचं चार बोटं भुरभुरीत होतं. त्याखाली माती काळपट, लिबलिबीत, चमकणारी. तिला कुजक्या पाण्याचा वास येत होता. त्यात अडकलेली मुळं पांढरी असायला हवी होती, ती तपकिरी झाली होती.

आजोबा वाफ्याच्या काठावर खाली बसले. मग हळूच म्हणाले, "गोगलगाय, तिसरा हप्ता रद्द."

"रद्द," यंत्रमानव म्हणाला.

"आजोबा, पाणी खाली का नाही गेलं?"

"कारण मी अजून पृथ्वीवरच शेती करत होतो," आजोबा म्हणाले. "नीट ऐक. मातीत पाण्याला दोन ताकदी ओढत असतात. एक गुरुत्वाकर्षण, ते पाण्याला खाली खेचतं. दुसरी मातीच्या कणांची पकड. फडक्याचं टोक पाण्यात बुडवलं की पाणी वर चढतं ना, ती ताकद. पृथ्वीवर जादा पाणी खाली निथळून जातं, आणि त्यानं सोडलेल्या जागेत हवा शिरते. मुळांना ती हवा लागते. इथं खालची ओढ सहा पटींनी कमी, पण कणांची पकड तेवढीच राहिली. पाणी निथळलंच नाही. वरून दिव्यांच्या उष्णतेनं वाळलं, आत तुंबून राहिलं. आणि मी खताबरोबर पाणीही वाढवलं."

"मग खताचा वायू कुणी केला?"

"जिवाणूंनी (डोळ्यांना न दिसणाऱ्या सूक्ष्म जिवांनी). मातीत ते कोट्यवधी असतात. त्यांतले काही हवेतला ऑक्सिजन मिळेल तोवर तो घेतात. तो संपला की नायट्रेटमधला ऑक्सिजन काढून त्यावर जगतात. मग नत्र मोकळं होऊन हवेत उडून जातं. याला विनत्रीकरण (नत्र जमिनीतून निसटून वायू होणं) म्हणतात. बराचसा भाग साधा नायट्रोजन वायू होतो. तो हवेत आधीच इतका असतो की वाढलेला कळतही नाही. थोडा भाग नायट्रस ऑक्साइड होतो. फलकाला दिसला तो तेवढाच. म्हणजे दिसलं त्याच्या कितीतरी पट खत गुपचूप गेलंय."

"आणि मुळांना हवा नाही, म्हणून त्यांना समोरचं खतही घेता येईना," शलाका म्हणाली. सगळं तिच्या डोळ्यांपुढे एकदम उभं राहिलं. "रोप उपाशी दिसलं म्हणून आपण आणखी वाढलं. ते गेलं जिवाणूंच्या पोटात."

"मी वाढलं," आजोबा म्हणाले. "तू नाहीस." ते उठले. "चल. फरीदाबाईंकडे जायचंय."

चौकात फलकावर पंचेचाळीस होता. फरीदामॅडमच्या शेजारी आई उभी होती. आजोबांनी सळई टेबलावर ठेवली आणि सरळ सांगितलं, "वायू माझ्या शेतातून येतोय. दवाखान्याचा काही संबंध नाही. चूक माझी आहे, आणि ती माझ्या नातीनं शोधली." मग ते आईकडे वळले. "वैजू, आठ दिवस लोक तुझ्याकडे बोट दाखवत होते आणि मी पिकात डोकं घालून बसलो होतो. मला माफ कर."

आईनं त्यांच्या मातीनं भरलेल्या हातावर हात ठेवला.

फरीदामॅडमनी कांडा पाहिला, आकडे पाहिले. "मग नियमाप्रमाणे शेत," त्या म्हणाल्या.

"पन्नासला," शलाका चटकन म्हणाली. "अजून पंचेचाळीसच आहे!"

मॅडमनी तिच्याकडे पाहिलं. "बरोबर. पन्नासला. तोवर काय करता येईल?"

"पाणी द्यायच्या नळ्या वाफ्यांच्या तळाशी पुरलेल्या आहेत," आजोबा म्हणाले. "पाणी बंद करून त्यांतून हवा सोडू. हवा खालून वर जाईल, तुंबलेलं पाणी हलेल, मुळांना ऑक्सिजन मिळेल. ऑक्सिजन आला की जिवाणू नायट्रेटला हात लावायचे नाहीत. मात्र एक सांगतो. मातीत आत्ता जो वायू अडकलाय, तो आधी बाहेर पडेल. आकडा उतरायच्या आधी चढेल."

"किती?"

आजोबांना ते माहीत नव्हतं. तसं त्यांनी सांगितलं.

साडेचार वाजता पंप सुरू झाला. वाफ्यांमधून बुडबुड्यांचा बारीक आवाज यायला लागला. फरीदामॅडम शेताच्या जाड दाराशी उभ्या राहिल्या. दार लावायची लाल मूठ त्यांच्या हाताखाली होती. शलाका चौकातून आकडे ओरडून सांगत होती.

"सेहेचाळीस!"

दहा मिनिटं गेली.

"सत्तेचाळीस… अठ्ठेचाळीस!"

आत आजोबा आणि आई वाफ्यावाफ्यातून फिरत कुठली नळी तुंबली आहे ते बघत होती. पाच वाजता मॅडमनी हाक मारली, "दोघंही बाहेर या." ती दोघं बाहेर आली. आजोबांनी मागे वळून नाचणीकडे पाहिलं. कणसं नुकती डोकावू लागली होती.

"एकोणपन्नास!"

एकोणपन्नासनंतर दशांश दिसायचा. एकोणपन्नास पूर्णांक दोन. चार. पाच. मुठीवरची मॅडमची बोटं आवळली गेलेली तिला लांबूनही दिसत होती. सहा. मग पुन्हा सहा. पुन्हा सहा. पाऊण तास सहा. मग पाच.

"मॅडम, थांबला," शलाका म्हणाली. मग तिनं ते पुन्हा, मोठ्यानं सांगितलं. "थांबला!"

फरीदामॅडमनी मूठ सोडली आणि तळहात सदऱ्याला पुसला.

वायू एका दिवसात गेला नाही. घळीतली थोडी थोडी जुनी हवा रोज बाहेर सोडून तिच्या जागी साठ्यातली ताजी हवा भरली, तेव्हा कुठे पंधरा दिवसांनी आकडा पंचवीसच्या खाली आला. दवाखान्याची फीत मात्र त्याच संध्याकाळी निघाली. ती मॅडमनी स्वतःच्या हातांनी काढली.

खरा पेच अजून तसाच होता. खताचे डबे दोनच होते, त्यातला एक गोगलगायीच्या टाकीत. तेवढ्यावर नाचणी दाण्यापर्यंत न्यायची होती.

"आता किती द्यायचं?" शलाकानं विचारलं.

"'किती द्यायचं' हाच प्रश्न मी चाळीस वर्षं विचारत आलो," आजोबा म्हणाले. "खरा प्रश्न आहे, किती पोचतं. शंभर ग्रॅम नत्र दिलं आणि त्यातलं पिकाच्या अंगी किती लागलं, याला अन्नद्रव्य वापर कार्यक्षमता (दिलेल्या खतातलं पिकाला खरोखर मिळालेलं प्रमाण) म्हणतात. आपलं प्रमाण मी काल तपासलं. तीस."

"फक्त तीस?"

"सत्तर ग्रॅम वाऱ्यावर आणि चिखलात."

मग दोघांनी मिळून नवी रीत बसवली. गोगलगायीची सुई लांब केली, आता ती मुळांपाशी ओल मोजायची. खत सगळ्या वाफ्यावर न पसरता मुळांच्या जवळच टोचायचं. एकदम न देता दर चौथ्या दिवशी थोडं थोडं. आणि मागितल्याशिवाय द्यायचंच नाही. नाचणी मागणार कशी? शलाकानं फिक्या ते गर्द अशा सहा हिरव्या रंगांची पट्टी तयार केली. रोज ती पानाशी धरायची. पान चौथ्या रंगापेक्षा फिकं असेल त्याच रोपाला खत. एका टोकाच्या तीन ओळींत फक्त पट्टी धरून त्यांनी काहीच दिलं नाही, कारण तिथली पानं गर्दच होती. जुन्या हिशेबानं त्या ओळींनाही खत मिळालं असतं आणि वाया गेलं असतं.

आठवडाभर काहीच फरक दिसला नाही. आजोबांची झोप उडाली. नवव्या दिवशी शलाकाला एका रोपाच्या बुंध्याशी दोन नवी पांढरी मुळं दिसली, तेव्हा ती इतक्या जोरात ओरडली की आईला वाटलं कुणाला तरी लागलं.

काही ओळी गेल्याच. त्यांची मुळं फार कुजली होती. बाकीच्या नाचणीची कणसं मुठीसारखी वळली आणि भरली. पीक उशिरा आलं म्हणून कापणीपर्यंत सगळ्यांनी दोन घास कमी खाल्ले, पण रसदयान उतरलं त्या दिवशीही कोठारात नाचणीचा दीड डबा शिल्लक होता. आजोबांनी कापलेली रोपं वाळवून नत्र तपासलं. नव्या रीतीनं दिलेल्या शंभर ग्रॅमपैकी चौसष्ट ग्रॅम पिकात होते.

"शंभर का नाही?" शलाकानं विचारलं.

"ते तुझ्यासाठी राखून ठेवलंय," आजोबा म्हणाले. मग ते गंभीर झाले. "पृथ्वीवरही हेच चालतं गं, फक्त तिथं फलक नाही. जादा खत विहिरीत उतरतं, तळ्यात जाऊन शेवाळ माजवतं, नाहीतर याच वायूच्या रूपानं आभाळात जातं. तिथं तो कार्बन डायऑक्साइडपेक्षा पावणेतीनशे पट उष्णता अडवतो. आभाळ एवढं मोठं, त्यामुळे कुणाला पिवळा दिवा दिसत नाही. आपलं घर लहान आहे म्हणून आपल्याला दिसला." त्याच दिवशी त्यांनी आपले सगळे आकडे, स्वतःच्या चुकीसकट, पृथ्वीवरच्या शेतीशाळांना पाठवून दिले.

रसदयानातून खताचे डबे उतरवले जात होते. फरीदामॅडम यादी घेऊन शलाकाजवळ आल्या.

"एवढं खत आता आपल्याला लागत नाही. पुढच्या खेपेपासून साठ किलो कमी मागवणार आहे. त्या साठ किलोंच्या जागी काय आणायचं ते मला आजच कळवायचंय. जागा तू मिळवून दिलीस, तूच सांग."

घळीत लहान मुलं तीन होती. एक शलाका, आणि बाकीची दोन अजून पाळण्यात होती.

"मॅडम, माझ्याएवढ्या मुलीचं पृथ्वीवर वजन किती असतं हो?"

"असेल पस्तीस किलो."

"म्हणजे सामानाला पंचवीस उरले," शलाका म्हणाली. "पुरतील तिला."

मॅडमनी पेन उघडलं. "आणि मुलगा आला तर?"

शलाकानं क्षणभर विचार केला.

"चालेल. फक्त बोलता येणारा पाठवा म्हणावं."